शोधपत्रिका आणि एडीची फाइल

समजा, एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून बेपत्ता माणसाची शोधपत्रिका निघाली: वय ३४, रंग निमगोरा, बांधा सडपातळ, उंची पाच फूट चार इंच, अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. सहा दिवसांनी, दोन जिल्हे सोडून, नदीकाठच्या दुसऱ्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद (ठाण्याच्या भाषेत ‘एडी’) झाली: अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४५ ते ५०, रंग काळा, बांधा मजबूत, उंची पाच फूट सहा इंच, गडद रंगाचा शर्ट. हे दोन कागद शेजारी ठेवले तर कोणीही म्हणेल की ही दोन वेगळी माणसं आहेत. पण तो एकच माणूस असू शकतो.

पाण्यात काही दिवस राहिलेला देह आतल्या वायूंनी फुगतो. सडपातळ माणूस ‘मजबूत बांध्याचा’ दिसू लागतो. कातडी आधी हिरवट आणि मग काळपट होते, म्हणून गोरा माणूस कागदावर काळा होतो. चेहरा सुजला की वय दहा-पंधरा वर्षांनी वाढतं. उंची टेपने मोजण्याऐवजी नजरेने लिहिली तर दोन इंचांचा फरक सहज पडतो, आणि भिजून चिखलात लोळलेला निळा शर्ट ‘गडद’ होतो. पंचनामा करणारा अंमलदार खोटं काहीच लिहीत नाही. जे दिसतं तेच लिहितो. अडचण अशी आहे की मृत्यूनंतर बदलणाऱ्या गोष्टी आपल्या फॉर्ममध्ये सगळ्यांत वर आहेत, आणि न बदलणाऱ्या गोष्टी ‘इतर’ या रकान्यात किंवा कुठेच नाहीत.

न बदलणाऱ्या गोष्टी बऱ्याच असतात. दातांची ठेवण, पडलेला दात, बसवलेली कॅप. जुन्या फ्रॅक्चरमध्ये टाकलेला रॉड किंवा पट्टी, ज्यावर बहुधा कंपनीची खूण आणि बॅचचा क्रमांक असतो. हातावरचं गोंदण. गोंदणाचा रंग कातडीच्या आतल्या थरात असतो, त्यामुळे वरची कातडी सुटून आली तर ते पुसलं जात नाही, उलट कधीकधी जास्त स्पष्ट दिसतं. करदोट्याचा रंग आणि त्यात ओवलेला मणी, जोडव्यांची घडण, शर्टाच्या कॉलरमागचं टेलरचं लेबल. त्या लेबलवर अनेकदा गावाचं नावही असतं. शर्ट मुद्देमालाच्या गाठोड्यात बांधताना ते लेबल कोणी उलटून पाहिलं का, एवढ्यावर एका घराचं उरलेलं आयुष्य अवलंबून असतं.

बेपत्ता प्रकरण उलगडलं नाही की आपण गुन्हेगाराच्या चलाखीबद्दल बोलतो किंवा पोलिसांच्या बेपर्वाईबद्दल. दोन्ही असतात. पण कितीतरी प्रकरणं त्याहून साध्या कारणाने कायमची अडकतात: ज्यातून पुढे कधीतरी उत्तर मिळालं असतं, ती वस्तू, तो नमुना किंवा ती नोंद पहिल्या काही दिवसांत जपलीच गेली नाही. शोध दहा वर्षांनीही लागू शकतो. मात्र जे जाळलं, धुतलं गेलं किंवा ज्यावर दुसरं चित्रण चढलं, त्यातून तो लागत नाही. म्हणून कायद्याने आणि सरकारने सगळ्यांत आधी सक्ती करायची ती जपणुकीची, ठरलेल्या मुदतीत, प्रत्येक प्रकरणात.

आकड्यांबद्दल आधी थोडं, कारण त्यांचा वापर फार ढिलाईने होतो. केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून १८ वर्षांवरील १,७८,४०० महिला आणि त्याखालच्या १३,०३३ मुली बेपत्ता झाल्याची नोंद आहे. हा आकडा नोंदींचा आहे, कायमच्या हरवलेल्यांचा नाही. भांडून माहेरी गेलेली, लग्न करून दुसऱ्या गावी राहिलेली, आठवड्याने परत आलेली अशा सगळ्या त्यात आहेत. ‘इतक्या बायका गायब’ अशी भीती पसरवायला तो आकडा पुढे करणं चुकीचंच आहे. पण ‘येतात हो परत’ म्हणून तो झटकून टाकणं त्याहून वाईट, कारण ठाण्यावरच्या ढिलाईला सगळ्यांत जास्त बळ याच वाक्याने मिळतं. बहुतेकजण परततात म्हणूनच न परतणाऱ्यांची नोंद त्या ढिगात बुडते.

आता कोणती गोष्ट किती दिवस टिकते ते पाहू. दुकानाच्या किंवा सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण हार्डडिस्कच्या क्षमतेप्रमाणे साधारण पंधरा ते तीस दिवस राहतं, मग त्यावरच नवं चित्रण चढतं. स्वस्त यंत्रणेत आठवडाभरही नाही. मोबाइलच्या कॉलच्या नोंदी कंपन्यांनी किमान दोन वर्षं ठेवायच्या असा नियम डिसेंबर २०२१ पासून आहे, त्याआधी एकच वर्ष होतं. म्हणजे तीन वर्षांनी जागा झालेला तपास कॉलच्या नोंदी मागायला गेला तर हात हलवत परत येऊ शकतो. टॉवरच्या नोंदीवरून माणूस नेमका कुठे उभा होता ते कळत नाही, फक्त कोणत्या टॉवरच्या कोणत्या बाजूला होता ते कळतं. शहरात हा पट्टा काही शे मीटरचा असतो, गावाकडे काही किलोमीटरचा. त्यामुळे ‘लोकेशन निघालं’ या वाक्यावर घरच्यांनी फार विसंबू नये. त्या पट्ट्यातला कॅमेरा, पंप, टोलनाका आणि एसटी स्थानक त्याच आठवड्यात गाठलं तरच लोकेशनचा उपयोग.

देहाचं घड्याळ याहून वेगाने चालतं. अनोळखी मृतदेह सापडला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४) पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, आणि देह शवागारात काही दिवस ठेवून वारस आला नाही की त्याची विल्हेवाट लावली जाते. ठेवायचा तरी किती दिवस? जिल्ह्याच्या ठिकाणी शवागारात मोजकेच कप्पे, त्यातले एकदोन बंद. कुजलेला देह ठेवायला तिथले लोकही नाखूश असतात. मग त्याचं दहन होतं. दहनाबरोबर बोटांचे ठसे, दात आणि डीएनए हे सगळं गेलं. उरतात ते पाच-सहा फोटो, कपड्यांचं गाठोडं आणि ‘अंदाजे ४५ ते ५०’ असं लिहिलेला कागद. ती एडीची फाइल कपाटात जाते, आणि दोन जिल्हे पलीकडची शोधपत्रिका भिंतीवर पिवळी पडते.

बोटांचे ठसे घेतले तरी प्रश्न सुटत नाही, आणि याचं कारण फार थोड्यांना माहीत असतं. पोलिसांच्या राष्ट्रीय ठसेप्रणालीत ठसे आहेत ते गुन्हेगारीच्या नोंदीतल्या माणसांचे. ज्याच्यावर कधी गुन्हाच दाखल झाला नाही, त्याचे ठसे तिथे जुळणार नाहीत. ‘मग आधारमध्ये तर सगळ्यांचे आहेत की!’ असं घरचे म्हणतात. पण आधारचा कायदा मूळ बोटांचे ठसे कोणालाही द्यायला मनाई करतो. एका अनोळखी ठशाची सगळ्या देशाच्या ठशांशी तुलना शक्य नाही, पडताळणी होते ती एका आधार क्रमांकासमोर एकाच माणसाची, अशी भूमिका आधार प्राधिकरणाने दिल्ली उच्च न्यायालयात घेतली होती. परिणाम असा की चोरीत एकदा पकडला गेलेला माणूस मेल्यावर ओळखला जाण्याची शक्यता, आयुष्यभर सरळ चाललेल्या माणसापेक्षा जास्त.

म्हणून मुद्दा डीएनएवर येतो. इथे सरकारी उत्तर ठरलेलं आहे: प्रयोगशाळांवर आधीच ताण, खून-बलात्काराचे नमुने महिनोन्महिने रांगेत, बेवारसांचे कुठे तपासणार? हे उत्तर नमुना घेणं आणि नमुना तपासणं यांची गल्लत करतं. तपासणी खर्चिक आहे, मान्य. पण नमुना घेणं आणि ठेवणं स्वस्त आहे. देह ताजा असेल तर रक्ताचे चार थेंब खास कागदी कार्डावर टाकायचे, सावलीत पूर्ण वाळवायचे, कागदी पाकिटात बंद करायचे. असं कार्ड फ्रीजशिवाय, कोरड्या कपाटात वर्षानुवर्षं टिकतं. देह कुजलेला असेल तर रक्ताचा भरवसा नाही. तेव्हा भराव न केलेल्या दोन दाढा आणि मांडीच्या हाडाच्या मधल्या भागाचा चार ते सहा सेंटीमीटरचा तुकडा घ्यायचा, कारण दाताच्या आणि घट्ट हाडाच्या आत डीएनए सगळ्यांत जास्त काळ सुरक्षित राहतो. शवविच्छेदनाच्या टेबलावर हे काम थोड्या वेळाचं आहे.

आणि यात चुका होतात त्या अगदी साध्या असतात. तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला जातो, कारण सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी अवयव त्यातच ठेवायची सवय असते. फॉर्मलिन डीएनए खराब करतं. रक्ताचं कापड ओलं असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत सील होतं, आत बुरशी धरते, आणि सहा महिन्यांनी अहवाल येतो की नमुना तपासणीयोग्य नाही. विषतपासणीसाठी राखलेला व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे तुकडे) असतो मिठाच्या संपृक्त द्रावणात. त्यालाच डीएनएचा नमुना समजून तोच कामी येईल असं धरलं जातं, आणि विषतपासणी संपली की नियमाने तोही नष्ट होतो. सगळ्यांत मोठी चूक मात्र नमुनाच न घेण्याची. घातपाताचा संशय नाही, मग डीएनए कशाला, असं म्हणून तो रकाना कोरा राहतो. ओळखीसाठी डीएनए लागतो हे त्या क्षणी कोणाच्या मनातच नसतं.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या समरटन किनाऱ्यावर १ डिसेंबर १९४८ रोजी एक अनोळखी पुरुष मृत सापडला. खिशात ओळखीचं काही नाही, कपड्यांवरची लेबलं काढलेली. अनेक दशकं तो अख्ख्या देशाचं कोडं होता. पण तिथल्या पोलिसांनी तेव्हा दोन कामं केली होती: चेहरा आणि छातीचा प्लास्टरचा साचा घेऊन ठेवला, आणि देह जाळला नाही, पुरला. डीएनएवरून माणूस ओळखता येईल हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. त्या साच्यात अडकून राहिलेल्या केसांमधून डीएनए मिळवून प्रा. डेरेक ॲबट आणि वंशावळीच्या तज्ज्ञ कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी २०२२ मध्ये जाहीर केलं की तो मेलबर्नचा कार्ल वेब होता. मृत्यू कशाने झाला हे आजही कळलेलं नाही. पण त्याला नाव मिळालं, कारण त्याच्या ७३ वर्षं आधी कोणीतरी काहीतरी जपून ठेवलं होतं. आपल्याकडे तर काय जपायचं हेही आज माहीत आहे.

डीएनएचा वेगळा कायदा करायचा प्रयत्न झाला. २०१९ च्या विधेयकात गुन्हेगार आणि संशयित यांच्या सूचींबरोबर बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्यासाठीही सूची होत्या. जुलै २०२३ मध्ये ते विधेयक मागे घेतलं गेलं. संशयितांचे डीएनए साठवण्यावरचे आक्षेप रास्त होते. पोलिसांच्या हातात एवढी माहिती देताना भीती वाटलीच पाहिजे. पण हरवलेल्या मुलाच्या आईने स्वतःहून दिलेला गालाच्या आतला कापसाचा फाया आणि आरोपीचं रक्त या दोन गोष्टी एका गाठोड्यात बांधायचं कारण नव्हतं. बेपत्ता आणि अनोळखी मृत यांच्यापुरता वेगळा, छोटा कायदा हवा. आईचा नमुना फक्त अनोळखी मृतांशी ताडला जाईल, दुसऱ्या कोणत्याही गुन्ह्यात वापरला जाणार नाही, आणि ती म्हणेल तेव्हा नष्ट होईल, अशी हमी त्यातच लिहिलेली असावी. आणि तोवर थांबायचीही गरज नाही. अनोळखी देहाचा नमुना शवविच्छेदनात घेऊन ठेवणं हे राज्य सरकार एका शासन निर्णयाने सक्तीचं करू शकतं.

कागद जुळण्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, तो हद्दींचा आहे. बदलापूरहून निघालेल्या माणसाची मिसिंग, म्हणजे बेपत्ता असल्याची नोंद, बदलापूरच्या ठाण्यात. तो रुळांवर कुर्ल्याजवळ मेला तर एडी लोहमार्ग पोलिसांकडे, म्हणजे वेगळ्या आयुक्तालयात. मुंबईच्या लोहमार्ग पोलिसांनी अनोळखी मृतांचे फोटो आणि वर्णन ‘शोध’ या संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली, हे मोलाचं काम आहे आणि त्यातून माणसं ओळखलीही गेली. तसंच राज्यातल्या प्रत्येक एडीचं का होऊ नये? कृष्णेत पडलेला देह सांगलीची हद्द ओलांडून बेळगावकडे निघतो, गोदावरीतला नांदेडच्या पुढे तेलंगणात. तिथलं वर्णन कन्नड किंवा तेलुगूत असतं आणि आपली शोधपत्रिका मराठीत. म्हणून दोन्ही फॉर्म एकाच साच्याचे हवेत, शब्दांऐवजी आकड्यांचे संकेत असलेले, आणि त्यात दात, रॉड, गोंदण, व्रण, लेबल यांचे रकाने सगळ्यांत वर. रंग आणि बांधा शेवटी.

आता जिवंत असण्याची शक्यता असलेल्यांकडे. १८ वर्षांखालचं मूल बेपत्ता झालं तर अपहरणाचा गुन्हा नोंदवायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर मे २०१३ मध्ये स्पष्ट केलं. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यायचा, असं बाल न्यायाचे नियम सांगतात. मुलगी सतरा वर्षं अकरा महिन्यांची असेल तर हे सगळं मिळतं. दोन महिन्यांनी हरवली तर तिला मिळतो फक्त मिसिंग रजिस्टरमधला एक नंबर. गुन्हा नाही म्हणून केस डायरी नाही, वरिष्ठांचा आढावा नाही, न्यायालयाची नजर नाही.

यातून काय होतं ते अश्विनी बिद्रे प्रकरणात साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. त्या स्वतः पोलीस दलात सहायक निरीक्षक होत्या. एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. घरचे पाठपुरावा करत राहिले. गुन्हा दाखल व्हायला जानेवारी २०१७ उजाडला, आणि पोलीस दलातल्याच अधिकाऱ्याला अटक व्हायला त्या वर्षाचा डिसेंबर. पनवेलच्या सत्र न्यायालयात शिक्षा झाली ती एप्रिल २०२५ मध्ये. देह खाडीत टाकल्याचं तपासात पुढे आलं, पण तो मिळाला नाही. वर्दीतल्या बाईच्या घरच्यांना हे भोगावं लागलं, तर मोलमजुरी करणाऱ्याच्या बायकोचं ठाण्यात काय होत असेल?

प्रौढांच्या प्रत्येक मिसिंगला गुन्हा नोंदवा, या मागणीला मात्र एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. प्रौढ माणसाला घर सोडायचा अधिकार आहे. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून निघून गेलेली बाई, जातीबाहेर लग्न केलेली मुलगी यांना शोधून काढण्यासाठी घरचे पोलिसांनाच हाताशी धरतात, आणि सापडल्यावर काय होतं ते आपण वाचत असतो. म्हणून सरसकट गुन्हा नको. हवी ती ठरलेली पायरी: नोंद होताच चित्रण आणि मोबाइलच्या नोंदी जपून ठेवायच्या लेखी सूचना जाव्यात, पंधराव्या दिवशी उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्ताने फाइल पाहावी, आधीच्या तक्रारी, पैशांचा वाद, आजारपण, बंद पडलेला फोन, बँकेत थांबलेले व्यवहार यांवरून घातपाताची शक्यता दिसली तर गुन्हा नोंदवून तपास सुरू व्हावा, नाही तर का नाही ते कारणासह लिहावं. आणि प्रौढ व्यक्ती सुखरूप सापडली तर घरच्यांना एवढंच सांगावं: जिवंत आहे, संपर्क नको म्हणते. पत्ता देऊ नये.

काही माणसं ना मृत असतात, ना स्वतःच्या मर्जीने गेलेली. मनोविकारात घर सोडून भरकटलेला माणूस हजार किलोमीटरवर, भाषाही न कळणाऱ्या गावात, फुटपाथवर सापडतो. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात डॉ. भरत वाटवानी आणि त्यांचे सहकारी अशा माणसांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवतात. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. औषध सुरू झालं की काही आठवड्यांत माणूस गावाचं नाव सांगू लागतो, हा तिथला अनुभव. त्या गावच्या ठाण्यात त्याची शोधपत्रिका कित्येक वर्षं पडून असू शकते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत आणि भिक्षेकरी गृहांत अनोळखी म्हणून दाखल झालेल्यांचे फोटो आणि ठसे त्याच एका यादीत यायला हवेत, कारण तिथे ओळख पटली तर माणूस घरी परततो.

ज्यांचा शोध लागत नाही त्यांच्या घरासाठी कायदा सात वर्षं थांबतो. सात वर्षं खबर नसेल तर माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर जाते. पूर्वी साक्ष अधिनियमाचं कलम १०८ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १११. पण तो मेला कधी, हे कायदा गृहीत धरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एलआयसीच्या प्रकरणात तेच सांगितलं. म्हणजे विम्याचे हप्ते तोवर थकले असतील तर बायकोच्या हातात काही येत नाही. नवरा हरवल्यावर त्याच्या पॉलिसीचे हप्ते भरत राहा, हे तिला ठाण्यात कोणी सांगत नाही. सांगायला हवं. आणि सात वर्षांनी न्यायालयात उभं राहताना पहिला कागद लागतो तो नोंद केल्याच्या तारखेचा, दुसरा पोलिसांनी शोध घेऊनही तपास लागला नाही असं सांगणारा दाखला.

म्हणून ज्यांच्या घरचं माणूस आज परतलेलं नाही, त्यांच्यासाठी. चोवीस तास थांबायचा कोणताही नियम नाही, नोंद लगेच करा. फोटो हसतानाचा द्या, समोरचे दात दिसतील असा. पुढे कवटी आणि फोटो जुळवायची वेळ आली तर तेच दात कामी येतात. त्याचा टूथब्रश, कंगवा, दाढीचं ब्लेड आणि न धुतलेला बनियन वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. जुने एक्स-रे शोधून काढा. सगळ्यांनी मिळून त्याच्या फोनवर कॉल करत बसू नका, बॅटरी संपते. पण त्याच्या नंबरचा रिचार्ज सुरू ठेवा, नाहीतर काही महिन्यांत तो बंद होऊन दुसऱ्याच माणसाला दिला जातो. आई-वडील किंवा मुलं डीएनएचा नमुना द्यायला तयार आहेत, असं अर्जात लिहून द्या. भावंडं एकटी असतील तर जुळणी कच्ची राहते, म्हणून आई-वडील हयात असतानाच ते व्हावं. मिसिंग नंबर, तारीख आणि तपास अंमलदाराचं नाव लिहिलेली शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.